कोलाडच्या राफ्टवरून मुळशी

पाण्याचे खेळ हा आमचा प्रांत नव्हे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. पोहणे जेमतेम येते. गळ आयुष्यात दोनदा टाकला आणि दोन्ही वेळा तो आमच्याच सदऱ्यात अडकला. तरीही एका हिवाळ्यात पुण्याच्या काही तरुण मित्रांच्या आग्रहाखातर आम्ही ताम्हिणी घाट उतरून कोलाडला गेलो आणि कुंडलिका नदीवर रबरी राफ्टमध्ये बसलो. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात फुगीर जाकीट, हातात वल्हे. आमच्यासारखी आणखी कितीतरी मंडळी काठावर तिष्ठत होती. नदीत पाणी बेताचेच दिसत होते. राफ्टवरचा मुलगा म्हणाला, "सर, पाणी सुटलं की निघू."

पाणी 'सुटते' म्हणजे काय, असे आम्ही विचारले. "भिऱ्याहून सुटतं, पॉवरहाऊसचं." आणि भिऱ्याला कुठून येते? "वरून, डोंगरातनं. मुळशीच्या धरणाचं म्हणतात." एवढे सांगून तो दोर आवळायला गेला. त्याच्या बोलण्यात काही चूक नव्हती. चूक असलीच तर आमची होती. त्याच सकाळी आमची गाडी मुळशीच्या जलाशयाच्या कडेकडेने आली होती, एका वळणावर थांबून मंडळींनी पाण्याची छायाचित्रेही काढली होती, आणि घाटावरचे ते पाणी व पायथ्याची ही नदी एकच आहे हे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आले नव्हते. ज्या पाण्याची छायाचित्रे काढली त्यावरच आता तरंगायचे होते, आणि आम्ही त्याला ओळखत नव्हतो.

हा लेख त्या न ओळखण्याविषयी आहे.

थोडा भूगोल सांगणे भाग आहे. मुळा नदी सह्याद्रीच्या माथ्यावर उगवून पूर्वेला वाहते. पुण्यात तिला मुठा मिळते, पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते आणि अखेर कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. मुळशी खोऱ्यात पडलेल्या थेंबाचा निसर्गाने आखलेला मार्ग तो असा. मात्र मुळा आणि निळा या नद्यांचे पाणी अडवून टाटांच्या वीजकंपनीने धरण बांधले आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले, तेव्हापासून हे पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात कोसळते, जनित्रे फिरवते आणि कुंडलिकेत पडते. तिथून रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत आणि अरबी समुद्रात. पंढरीला जाणारे पाणी रेवदंड्याला जाते. पावसाळा सरल्यावर आटत जाणारी एक कोकणी नदी त्यामुळे बारमाही झाली. आणि घाटावरची मुळा धरणाखाली बव्हंशी तेवढीच उरली, जेवढी पावसाळ्यात सांडव्यावरून येते.

आम्ही बसलो होतो त्या राफ्टचा खेळ या उलट्या वाटेवर उभा आहे. मुंबईला वीज लागते म्हणून पाणी सुटते, आणि पाणी सुटते म्हणून खेळ होतो.

परत आल्यावर हा अनुभव आम्ही अमेरिकेत सेंट लुईसला स्थायिक झालेल्या एका स्नेह्यांना कळवला. ते मूळचे पौडचे. दर उन्हाळ्यात ते मुलाबाळांसह मिझुरी आणि आर्कान्सा राज्यांमधल्या ओझार्क डोंगराळ भागात 'फ्लोट'ला जातात. फ्लोट म्हणजे होडीत बसून प्रवाह नेईल तसे दिवसभर खाली जायचे, वाळूगोट्यांच्या काठाला लागून जेवायचे, वाटेत ट्राउट मासा गळाला लागतो का पाहायचे. वल्ही मारायची ती दिशा सांभाळण्यापुरती. त्यांनी उत्तरात लिहिले की आमच्याही नदीला वेळापत्रक आहे. मिझुरीतल्या ट्राउटच्या उद्यानांत १ मार्चला हंगाम उघडतो तो भोंगा वाजवून. काठावर ओळीने उभे असलेले लोक भोंगा वाजताच गळ टाकतात. पाण्यातला मासा तिथल्याच मत्स्यबीज केंद्रातून सोडलेला असतो.

या पत्राने आमचे कुतूहल चाळवले आणि आम्ही ओझार्कविषयी मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा कळले ते असे. ट्राउट हा ओझार्कचा मासा नव्हेच. इंद्रधनुषी ट्राउट मूळचा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो मिझुरीच्या थंड झऱ्यांत आणून सोडला गेला. आर्कान्सात तर त्याचे राज्य धरणांनी वसवले. नॉर्फोर्कचे धरण १९४४ साली झाले, बुल शोल्सचे १९५१ साली. खोल जलाशयाच्या तळाचे पाणी बर्फासारखे थंड असते. तेच जनित्रांतून खाली नदीत सोडले जाऊ लागले. त्या गारठ्यात तिथला मूळचा, उबदार पाण्यातला स्मॉलमाउथ बास टिकेना. ज्या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याच्यासाठी होड्या घेऊन जात, ती नदी ओस पडली. मग केंद्र सरकारने १९५७ साली नॉर्फोर्क धरणाच्या पायथ्याशी मत्स्यबीज केंद्र उघडले, आणि त्याचा हेतू सरकारी कागदात स्वच्छ लिहिला: धरणामुळे जी मासेमारी बुडाली तिची भरपाई. थंड पाण्यात थंड पाण्याचा मासा. ही भरपाई इतकी भरभरून फळली की १९९२ साली त्याच मुलखातल्या लिटल रेड नदीत, ग्रीअर्स फेरी धरणाच्या खाली, ४० पौंडांहून अधिक वजनाचा तपकिरी ट्राउट गळाला लागला आणि तो त्या वेळी जगातला विक्रम ठरला.

या सगळ्याला निसर्ग म्हणावे की कारखाना, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर देण्याची आम्हांला घाई नाही. आमचे लक्ष वेधून घेतले ते 'भरपाई' या शब्दाने. भरपाई हा शब्द वापरण्यासाठी आधी नुकसान झाले हे मान्य करावे लागते. काय गेले त्याचे नाव घ्यावे लागते. ओझार्कमधल्या माणसाला ट्राउट पकडताना हे आठवत असेलच असे नाही. पण त्याने शोधायचे ठरवले तर त्या बीजकेंद्राच्या जन्मकथेतच ते नाव त्याला सापडते.

त्याच डोंगरांत आणखी एक नदी आहे, बफेलो. तिच्यावरही धरणे व्हायची होती. स्थानिक लोकांनी, होडीवाल्यांनी आणि निसर्गप्रेमींनी दहा वर्षे झगडून ती थांबवली आणि १९७२ साली बफेलो ही अमेरिकेतली पहिली 'राष्ट्रीय नदी' झाली. कथा इथे संपवली तर गोड होईल. परंतु नदी राष्ट्राची झाली तेव्हा काठावरच्या कित्येक शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या, आणि त्यांच्या वारसांच्या मनातली ती सल आजही बुजलेली नाही. म्हणजे धरण झाले तरी कुणी उठले, न झाले तरी कुणी उठले. नदीच्या काठचे सुख फुकट येत नाही. कुणीतरी त्याचे मोल आधीच चुकते केलेले असते.

मुळशीत ते कुणी चुकते केले, हे मराठी माणसाला सांगायला नको. निदान नको असायला हवे. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह आरंभला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव मिळाले ते याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. आंबेमोहोर पिकवणारी खाचरे पाण्याखाली गेली. राजेंद्र व्होरांनी या सत्याग्रहाचा जो साक्षेपी अभ्यास केला आहे त्यातून एक कडू गोष्टही कळते: जमिनींची मालकी पुष्कळशी पुण्यातल्या सावकारांकडे गेलेली होती. भूमी कसणारा एक आणि मोबदल्याचा धनी दुसरा, ही तऱ्हा तेव्हाचीच.

मराठीने हा इतिहास अगदीच वाऱ्यावर सोडला असे नाही. भुस्कुट्यांनी लिहिले, व्होरांनी लिहिले. धरणग्रस्तांच्या दुःखाला विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ने कादंबरीत जागा दिली आणि १९९२ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. जमीन गेली, घर गेले, देव उठवावे लागले, याची नोंद आपल्याकडे आहे. आमची तक्रार वेगळी आहे. या सगळ्या लेखनात जमीन आहे, माणूस आहे. नदी मात्र नाही. नदी येते ती आई म्हणून, तीर्थ म्हणून, नाहीतर महापूर म्हणून. तिच्या पोटात काय राहत होते, पहिल्या पावसात काय उलटे चढत होते, कोणत्या डोहात काय सापडत होते, हे आम्हां लिहिणाऱ्यांना ठाऊकच नव्हते. कारण नदीत उतरणारे हात वेगळे होते. कातकरी, भोई, कोळी नदीत उतरत. लेखणी ज्यांच्या हाती होती ते घाटाच्या पायरीवर बसून संध्या करीत.

इंग्रजीत आयझॅक वॉल्टनने गळाच्या छंदावर १६५३ साली ग्रंथ लिहिला आणि तिथून नदीकाठी बसून नदीविषयी लिहिण्याची एक अखंड परंपरा झाली. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी ती इथेही आणली, एच. एस. थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याचे हिंदुस्थानातल्या गळमासेमारीवरचे जाडजूड पुस्तक १८७३ चे. त्याचा नायक ट्राउट नव्हे, आपला महसीर. ट्राउटही साहेबाने आणला, पण तो काश्मीर, निलगिरी यांसारख्या ठिकाणच्या थंडीतच तगला. महाराष्ट्राच्या नद्या त्याच्यासाठी फार उबदार. आपल्या नद्यांचा राजा महसीरच, आणि त्याची शास्त्रीय ओळख चक्क आपल्या मुळेच्या पाण्यात झाली, हे किती पुणेकरांना ठाऊक आहे?

लेफ्टनंट कर्नल विल्यम सायक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. दख्खनमधले मासे त्याने गोळा केले आणि लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांची वर्णने ठेवली; ती १८३९ साली प्रसिद्ध झाली. पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या महसीराला त्याने नाव दिले 'खुद्री'. चाकणजवळ इंद्रायणीत सापडलेल्या, नाकाडावर उंचवटा असलेल्या माशाला 'नुक्ता'. आणखी 'कोलस', 'फुलुंगी', 'टाकरी', 'गुंगवारी'. ही नावे लॅटिन नव्हेत. काठावरच्या माणसाला साहेबाने विचारले असणार, "ह्याला काय म्हणता?", आणि त्याने सांगितलेला शब्द साहेबाने आपल्या कानाने जसा ऐकला तसा लिहून घेतला. तो शब्द उच्चारणारा माणूस कोण, त्याची जात काय, गाव कोणते, याची नोंद नाही. पण त्याचा शब्द राहिला. जगातल्या कुठल्याही प्राणिशास्त्रज्ञाला दख्खनच्या महसीराचे नाव घ्यायचे तर आज 'टोर खुद्री' म्हणावे लागते. पुढे शतकाने डॉ. सी. व्ही. कुलकर्णी या मत्स्यशास्त्रज्ञाने दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणाऱ्या कृष्णा खोऱ्यातल्या एका माशाला १९५२ साली 'खवलचोर' हे नाव शास्त्रात दिले, तेव्हा मात्र शब्द देणारा आणि लिहिणारा दोघेही मराठी होते.

आता विचार करा. हे शब्द शास्त्राच्या लॅटिन कपाटात सुखरूप आहेत आणि मराठीच्या घरात त्यांना विचारणारे कुणी नाही. आम्ही स्वतः मराठीचे वाचक म्हणवतो. नुक्ता म्हटले की आम्हांला उर्दू अक्षराखालचा टिंब आठवतो, इंद्रायणीतला मासा नव्हे.

नाव विसरण्याने काय बिघडते, असे कुणी विचारील. बिघडते, आणि त्याचा दाखला याच परिसरात आहे. टाटांच्याच वीजकंपनीने १९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवणला महसीराचे बीज तयार करण्याचे काम आरंभले. डॉ. कुलकर्णींचा त्यात मोठा वाटा. हेतू उत्तम होता. धरणांनी माशाची पावसाळी चढण अडवलेली. गोट्यांच्या उथळ पाण्यात जाऊन अंडी घालणारा हा मासा आपोआप वाढणे कठीण झाले होते. केंद्रात वाढवलेली पिले टाटांच्या तलावांत आणि देशभरच्या नद्यांत गेली. त्यांतली काही कर्नाटकात कावेरीत सोडली गेली. पण कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला, आकाराने प्रचंड असा महसीर आधीच होता. इंग्रज गळवाल्यांना तो शतकभर ठाऊक होता; शास्त्रात मात्र त्याची नेमकी ओळख, 'टोर रेमादेवी' या नावाने, २०१८ साली पटली. तोवर आपली खुद्री कावेरीभर पसरली होती आणि कुबडवाला महसीर नामशेष होण्याच्या कड्यावर येऊन ठेपला होता. वाळूउपसा, धरणे, सुरुंगाची मासेमारी ही कारणे आहेतच; पण 'महसीर तो महसीर' असे समजून एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडणे हेही एक कारण अभ्यासक सांगतात. चांगल्या हेतूने झालेली ही चूक नाव न विचारल्याची चूक आहे. काठावरच्या माणसाला त्या दोघांतला फरक दिसत नव्हता काय?

आमच्या परंपरेत माशाला जपण्याच्या रीती नव्हत्या असेही नाही. देहू-आळंदीला इंद्रायणीच्या डोहातले मासे देवाचे म्हणून कुणी धरत नसे. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीत, वाडा तालुक्यात तिळसेश्वराच्या पायथ्याशी वैतरणेत, असे देवाचे डोह आहेत. पण देवाच्या डोहावर राखण करता येते ती गळापासून आणि जाळ्यापासून. वरून येणाऱ्या सांडपाण्यापुढे आणि मुळात न येणाऱ्या पाण्यापुढे देवाची आण चालत नाही. इंद्रायणीची आणि मुळा-मुठेची आजची अवस्था वाचकांना आम्ही काय सांगावी?

आता एक आक्षेप ऐकू येतो तो नोंदवणे आमचे कर्तव्य आहे. तो राफ्टवरचा मुलगा कोलाडच्याच आसपासचा. ज्या वयात त्याचे वडील मुंबईला गिरणीत गेले असतील त्या वयात तो गावात राहून कमावतो. त्याच्या नदीवर आम्ही शहरातून येऊन अपराधाची सावली का टाकावी? पाणी वळवून शतक होत आले. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आमच्याही घरी दिवा लागतो. मग आता काय धरण फोडायचे?

आम्ही असे म्हणत नाही. पाणी भीमेच्या खोऱ्यात परत वळवावे अशी मागणी अधूनमधून होत असते. तिचा निवाडा करण्याइतके जलशास्त्र आम्हांला येत नाही. राफ्टवर बसू नये असेही आमचे म्हणणे नाही. आम्ही बसलो, आणि खरे सांगायचे तर पहिल्या लाटेने तोंडावर सपकारा मारला तेव्हा लहान मुलासारखे ओरडलोही. आनंद खोटा नव्हता. आमचे मागणे इतकेच की त्या आनंदाला त्याचा पत्ता ठाऊक असावा. जिथून राफ्ट सुटतात तिथे एक साधी पाटी हवी: हे पाणी मुळा-निळेचे आहे, ते अमुक साली अमुक गावांवरून इकडे वळले. तो मुलगाच ही गोष्ट पर्यटकांना सांगू शकेल, आणि ती सांगितल्याने त्याचा धंदा बुडणार नाही, उलट त्याच्या बोलण्याला वजन येईल.

लिहिणाऱ्यांकडे आमचे मागणे जास्त आहे. मुळशीच्या धरणाला आता शंभर वर्षे होत आहेत. त्या निमित्ताने सत्याग्रहाची स्मरणे होतील, भाषणे होतील, व्हावीतच. पण कुणीतरी वही घेऊन धरणाकाठच्या कातकरी वाड्यांवरही जावे. चढणीचे मासे कोणते, कोणते आता दिसत नाहीत, चिलापी आल्यापासून काय बदलले, खुद्रीला ते खरोखर काय म्हणतात, हे विचारावे आणि सांगणाऱ्याच्या नावानिशी लिहून घ्यावे. सायक्सने जे अर्धे केले ते आपण पुरे करावे.

कोलाडहून परतताना आम्ही मुळशीच्या कडेला एका टपरीवर चहाला थांबलो. तिथे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. कुठून आलात, असे त्यांनी विचारले. कोलाडला नावेत बसायला गेलो होतो, असे सांगितले. ते जलाशयाकडे बघत म्हणाले, "म्हंजी आमच्याच पान्यात." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बरं हाय का पानी तिकडं?"

सासरी गेलेल्या लेकीची खुशाली विचारावी तसा तो स्वर होता. आम्ही म्हणालो, "बरं आहे, बाबा. खूप आहे." याहून अधिक सांगण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते, आणि ते असायला हवे होते.